बोहो घर, पण मुंबईतलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोरेगाव पूर्वेला आमचं 410 चौरस फुटांचं वन बीएचके आहे. गेल्या सात वर्षांत ते हळूहळू 'बोहो' होत गेलं, आणि आता हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाणाकडे कमी आणि पडद्यांकडे जास्त बघतात. तेच ते प्रश्न लिफ्टमध्ये, लोकलमध्ये, व्हॉट्सअॅपवर येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी इंटिरियर डिझायनर नाही. चुका करत शिकले, आणि त्यातल्या दोनतीन चांगल्याच महागात पडल्या.

बोहो म्हणजे नेमकं काय?

'बोहेमियन'चं लाडाचं नाव. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रांत. भटके रोमा लोक तिकडून आले अशी फ्रेंचांची समजूत होती, म्हणून ते त्यांना बोहेमियन म्हणायचे. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या स्वस्त वस्त्यांत राहणाऱ्या चित्रकार-लेखकांना तेच नाव चिकटलं. खिशात पैसे नाहीत, बिऱ्हाड कधी हलेल याचा नेम नाही. मग जुन्या बाजारातली खुर्ची, कुणी दिलेला गालिचा, मित्राने काढलेलं चित्र असं जे हाती येईल त्याने खोली भरायची. गंमत म्हणजे रोमांची मुळं आपल्याकडचीच. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी' आणि कानाला 'कान'च म्हणतात. तेव्हा ही पद्धत 'परदेशी' म्हणून कुणी नाक मुरडलं, तर त्यांना हे सांगा.

दुकानातून एका दमात 'सेट' उचलून आणला की ते बोहो राहत नाही, ते शोरूम होतं. मुंबईपुरता माझा आणखी एक नियम आहे: जे धुता येत नाही, झटकता येत नाही किंवा उन्हात टाकता येत नाही, ते घरात आणायचं नाही. हा नियम मी कसा शिकले ते पावसाळ्याच्या प्रश्नात येईलच.

आमचं घर लहान आहे. इतकं सामान आणलं तर गोदाम नाही का होणार?

जमिनीवर मांडलं तर होणार. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. माझी आई तशाच एका खोलीत सात माणसांत वाढली. तिथे दिवसा गाद्या गुंडाळून कॉटवर जायच्या, भिंतीला लांबच्या लांब फळी, फळीवर पितळेचे डबे उतरत्या क्रमाने, त्याच्या खाली खुंट्या, खिडकीत तुळस. जमीन मात्र मोकळी, कारण रात्री तिथेच झोपायचं असायचं. लहान घरात बोहो करायचं तर हाच नकाशा घ्या. सामान भिंतीवर चढवा, पायाखाली फक्त एक सतरंजी.

दुसरं, चारही भिंती सजवू नका. आमच्याकडे सोफ्यामागची एकच भिंत भरलेली आहे. टोपल्या, दोन फ्रेम, आरसा, एक कापड. समोरच्या भिंतीवर टीव्हीशिवाय काही नाही. डोळ्यांनाही टेकायला जागा लागते.

सुरुवात कुठून करू?

माळ्यावरून. खरेदीला निघायच्या आधी एका रविवारी स्टूल घ्या आणि माळा उतरवा. आपल्या बहुतेक घरांत बोहोचं निम्मं सामान तिथेच धूळ खात पडलेलं असतं: तांब्याचा बंब, पितळी समई, आजीची ट्रंक, जातं, वेताची परडी, कुणाच्या तरी लग्नातलं घंगाळ.

आणि गोधडी. आमच्या माळ्यावर सासूबाईंच्या आईने शिवलेली एक वाकळ निघाली. त्या मूळच्या सांगलीकडच्या, त्यामुळे घरात गोधडी म्हणत नाहीत, वाकळच. वर मोरपिशी लुगडं, खाली फिकट झालेलं जांभळं, मध्ये किती थर आहेत देव जाणे. दाभणाने घातलेला पांढरा धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनात आत आत जात मधोमध संपतो. एका कोपऱ्यात टाके एकदम मोठे आणि तिरके झालेत. सासूबाई म्हणाल्या, "तो कोपरा माझा. आठ वर्षांची होते, आईने हात पकडून घालायला लावले होते." मी ती सोफ्याच्या पाठीवर टाकली तेव्हा मात्र त्या कासावीस झाल्या. "अगं, पाहुणे येणार आणि तू वाकळ काय बाहेर मांडतेस? लोक म्हणतील चादर घ्यायची ऐपत नाही यांची." पहिल्याच पाहुणीने कुठून घेतली, केवढ्याला मिळाली असं विचारल्यावर त्यांचा सूर बदलला. आता येणाऱ्याजाणाऱ्याला तो तिरका कोपरा त्याच दाखवतात.

तुमच्याकडे वाकळ नसेल तर सोलापुरी चादर घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, धुवून धुवून मऊ होते आणि तिच्यावरची नक्षी दिवाणावर फार उठून दिसते. लहानपणी आपण ती रोज पांघरली म्हणून ती 'डेकोर' वाटत नाही, एवढंच. घोंगडीही सुंदर दिसते, पण ती टोचते, तेव्हा बसायच्या जागी नको, भिंतीवर किंवा बाकाच्या पाठीवर टाका. आणि वॉशिंग मशीनमध्ये तर मुळीच नको, लोकर आक्रसून तिचं पायपुसणं होईल.

जुन्या साड्यांचे पडदे खरंच चांगले दिसतात का?

सुती साडीचे दिसतात. हिशेब असा: साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर पन्ह्याची. सात फुटी पडद्याला वरची पट्टी आणि खालचा दुमड धरून 2.3 मीटर कापड जातं. म्हणजे एका साडीत दोन पडदे, आणि उरलेल्या 90 सेंटिमीटरमध्ये 16 इंची उशांचे दोन अभ्रे. पदर अभ्र्यांना ठेवा, पडद्यात तो चुण्यांमध्ये हरवतो. काठ उभे येतात, ते खिडकीच्या दोन्ही बाजूंना छान दिसतात.

पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावल्याशिवाय साडी टांगू नका. आणि रेशमी साडी तर कुठल्याच उन्हाच्या खिडकीला नाही. दोन उन्हाळ्यांत घडीवर चिरत जाते. माझी एक चंद्रकळा अशीच गेली, अजून हळहळ वाटते.

पावसाळ्यात या सगळ्याचं काय होतं?

हा प्रश्न खरं तर पहिला विचारायला हवा, पण लोक तो जुलैमध्ये विचारतात.

जून ते सप्टेंबरमध्ये सांताक्रूझला सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चार महिने हवा ओली. बोहोची चित्रं आपण बघतो ती बहुतेक कोरड्या हवेच्या गावातली, तिथे ज्यूट, वेत, सुताची दोरी, लोकर वर्षभर आरामात नांदते. इथे नाही.

आमचा पहिला पावसाळा. मी एका दुकानातून गोल ज्यूटचा गालिचा आणला होता, चांगला पाच फुटी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, नॅचरल आहे, काही होत नाही." जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलमध्ये वास सुरू झाला. सासूबाईंचं निदान ठाम होतं, उंदीर मेलाय. आम्ही फ्रिज सरकवला, सोफा सरकवला, नवऱ्याने टीव्हीमागे टॉर्च मारला. उंदीर काही सापडेना. शेवटी पाय पुसताना गालिचाची कड उलटली आणि खालून ओल्या गोणपाटाचा भपकारा आला. मागच्या बाजूला राखाडी-हिरवी बुरशी, आणि पांढऱ्या लादीवर चहाच्या रंगाचं भलंमोठं गोल. ज्यूट ओलं झालं की तो तपकिरी रंग सोडतं. ती लादी आजही पूर्ण स्वच्छ झालेली नाही, तिच्यावर आता कुंडी आहे.

तेव्हापासून आमच्या घरात मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे जाड गालिचे कडक उन्हात टाकून, झटकून, गुंडाळून आत जातात. गुंडाळायला जुनी सुती चादर घ्यायची, प्लास्टिक नाही, त्यात दमटपणा कोंडतो. पावसात खाली फक्त सुती सतरंजी, जी बादलीत धुता येते आणि पंख्याखाली दोन दिवसांत वाळते.

मॅक्रमे, म्हणजे दोरीला गाठी मारून केलेलं टांगतं विणकाम, कोमट पाण्यात पातळ साबणाने भिजवा, दाबून पाणी काढा आणि आडवं टाकून वाळवा. टांगून वाळवलं तर पाण्याच्या वजनाने लांबतं. वेतावर बुरशीचे ठिपके आले तर व्हिनेगर-पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. बांबूच्या वस्तूखाली पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा लागला समजा, ती वस्तू बाकीच्यांपासून आधी लांब करा. पितळ काळवंडतंच. चिंच, मीठ आणि अर्धा तास, त्याला इलाज नाही. लोकरीच्या वस्तूंना कसर लागते, त्यांच्या घडीत डांबरगोळ्या ठेवा, मात्र घरात लहान मूल असेल तर हाताला लागणार नाहीत अशा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरच्या भिंतीवर कापड टांगू नका. पावसाचा मारा झेलणारी भिंत आतून घामेजते, कापडामागे हवा खेळत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये कापड उचललं की मागे पोपड्यांचा नकाशा दिसतो. कपाट असो की शेल्फ, अशा भिंतीपासून चार बोटं पुढे. ओल झाकायला वॉलपेपर लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या, आधी वॉटरप्रूफिंग.

भिंतींना रंग कोणता?

पांढऱ्याकडे झुकणारा, पण निळसर पांढरा नको. वस्तू रंगीत असल्या की भिंत गप्प असलेली बरी. एखादी भिंत रंगवायचीच असेल तर गेरू. हळदीचा पिवळा कॅटलॉगमध्ये गोड दिसतो, दहा बाय दहाच्या खोलीत चारही बाजूंनी अंगावर येतो.

फोटोत घर इतकं उबदार दिसतं, आमचं का नाही दिसत?

ट्यूबलाइट! दहांपैकी नऊ घरांत कारण एवढंच असतं. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 म्हणजे दवाखान्यासारखा पांढराफट उजेड, 2700 म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा. बसायच्या जागी 2700चे दोनतीन दिवे वेगवेगळ्या उंचीवर लावा. एक जमिनीलगत, एक डोळ्यांच्या पातळीला, एक कोपऱ्यात झाडामागे. ट्यूब काढू नका, मुलांचा अभ्यास आणि भाजी निवडणं तिच्याखालीच होतं. संध्याकाळी सातनंतर ती बंद करायची, बस.

दिवाळीचे कंदीलही वर्षभर चालतात. माहीमच्या कंदील गल्लीतून आणलेला कागदी कंदील आमच्याकडे तीन वर्षं बेडरूममध्ये आहे. आत एलईडीच हवा. कागद आणि तापणारा बल्ब हे लग्न लावू नका. तसंच देवघरातली निरांजनं आणि उदबत्ती यांच्या हातभर अंतरात लोंबतं कापड नको. हे सांगावं लागतं, कारण मी एका घरात ते प्रत्यक्ष पाहिलंय.

भाड्याचं घर आहे. मालक खिळे मारू देत नाहीत.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये डिपॉझिट अडकलेलं असतं, त्यामुळे मालकाशी वाद नको. मोठ्या फ्रेम आणि आरसे जमिनीवरून भिंतीला टेकवून ठेवा, खाली सरकू नयेत म्हणून रबराची पट्टी. पडद्यांना दोन भिंतींमध्ये ताणून बसणारा रॉड. बांबूची शिडी भिंतीला टेकवली की तिच्यावर चादरी, शाली, झाडं, सगळं बसतं. चिकटणारे हुक टाइल्सवर आणि काचेवर टिकतात, डिस्टेंपरवर पावसाळ्यात रंगासकट खाली येतात.

परवानगी असेल तर भिंत कशाची आहे ते आधी बघा. जुन्या इमारतीत विटेवरचं प्लास्टर भुसभुशीत असतं, खिळा सहज जातो आणि तितक्याच सहज पोपड्यासह बाहेर येतो, तेव्हा प्लग आणि स्क्रूच. नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा मिवानच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या अख्ख्या काँक्रीटच्या भिंती असतात, तिथे साधा खिळा वाकतो, हॅमर ड्रिल लागतं. ड्रिलवाल्याला एकदाच बोलवा. सगळ्या जागा आधी पेन्सिलने आखून ठेवा. आणि दुपारी दोन ते चार नको, खालचे आजोबा झोपलेले असतात.

खरेदी कुठे करायची?

कापडासाठी मंगळदास मार्केट. सुती, खादी, ब्लॉकप्रिंट, इकत सगळं मिळतं. पूर्ण तागा नको असेल तर कटपीस विचारा, उशांच्या अभ्र्यांना तेवढं पुरतं. रविवारी बंद. तिथून भुलेश्वर चालत गाठता येतं, लटकन, गोंडे, आरशाच्या पट्ट्या, लेस यांसाठी. दिव्यांच्या फिटिंग्ज लोहार चाळीत.

जुन्या वस्तूंसाठी चोर बाजार, म्हणजे मटण स्ट्रीट. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात. 'अँटिक' म्हणून दाखवलेलं बरंचसं मागच्या वर्षी घडवून काळं केलेलं असतं, त्यात वाईट काही नाही, फक्त अँटिकची किंमत देऊ नका. पर्समध्ये फ्रिजवरचं एक मॅग्नेट ठेवा. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वरून मुलामा. लाकडी वस्तू उलटी करून खालची बाजू बघितल्याशिवाय भाव विचारू नका. जुनं फर्निचर हवं असेल तर जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा बाजार, तिथे जुनं लाकूड तुम्हाला हवं तसं बनवूनही देतात.

कुंड्या धारावीच्या कुंभारवाड्यातून. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वस्ती, गल्लीतच चाकं आणि भट्ट्या. नवी कुंडी आणली की झाड लावायच्या आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती मातीतलं पाणी स्वतःच पिऊन टाकते. बचतगटांच्या बायकांच्या हातचं काम हवं असेल तर महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं तेव्हा जा. तिथे घासाघीस करायला माझी जीभ वळत नाही.

मॅक्रमे घरी करता येतं का?

येतं. चार मिलिमीटरची सुती दोरी आणि एक चौकोनी गाठ एवढ्यावर निम्मे नमुने होतात. दोरी तयार लांबीच्या चौपट धरा, दुमडून वापरणार असाल तर आठपट. आणि हे काही नवं शास्त्र नाही. आपल्या स्वयंपाकघरात दह्यादुधाची मडकी ठेवायला टांगलेलं शिंकं असायचं ना, तेच हे. मडक्याच्या जागी मनीप्लांट आलं.

कुठली झाडं लावू? आमच्याकडे ऊनच येत नाही.

समोरच्या इमारतीने ऊन अडवलेल्या घरात स्नेक प्लांट, झीझी, मनीप्लांट. थोडा उजेड असेल तर स्पायडर प्लांट आणि फर्न. ही झाडं पाण्यावाचून कमी मरतात, पाण्याने जास्त. पावसाळ्यात बोट मातीत दोन पेरं घालून बघा, ओलं लागलं तर पाणी नाही.

कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासायच्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस पुरतात. महापालिकेचे लोक तपासणीला येतात तेव्हा मनीप्लांटची बाटली आधी बघतात, तेही बरोबरच आहे.

वारली चित्र भिंतीवर स्वतः काढलं तर चालेल?

हौस म्हणून जरूर काढा. पण विकत घेणार असाल तर छापील नको, पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या वारली कलाकाराकडून घ्या. डहाणू-जव्हार काही लांब नाही. मूळ काम तांदळाच्या पिठाचं, गेरू किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर. जिव्या सोमा मशे यांनी ते भिंतीवरून कागदावर, कापडावर आणि जगभर नेलं, त्यांना 2011मध्ये पद्मश्री मिळाली. एक विनंती: लग्नातला चौक आणि त्यातली पालघाट देवी ही पूजेची गोष्ट आहे, ती बाथरूमच्या दारावर काढू नका. नाचणारी माणसं, झाडं, तारपा वाजवणारा, काढायला पुष्कळ आहे.

हॉलमध्ये झोपाळा टांगता येईल?

स्लॅबला, इंजिनिअरला विचारून. पंख्याच्या हुकाला कदापि नाही. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल बघा. मला हवा होता, अहवाल वाचला, आणि मी स्टँडवरचा वेताचा झुला घेतला.

घरात वयस्कर माणसं आहेत. जमिनीवरची बैठक त्यांना जमेल?

नाही जमत. बोहोच्या नादात सगळे सोफे काढून गाद्या टाकल्या की आईबाबा उभ्यानेच गप्पा मारून निघतात. गुडघ्यांना उंची लागते, साधारण 18 इंच. आमच्याकडे एक लाकडी हाताची खुर्ची सासूबाईंची, तिच्यावर खणाची उशी. बाकीच्यांनी खाली लोळावं. आणि त्यांच्या वाटेत सरकणारा गालिचा नको, खाली जाळीची रबरी चटई घाला.

गणपतीत हे सगळं आवरावं लागतं का?

उलट तेव्हाच कामाला येतं. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018पासून बंदी आहे. आमचं मखर म्हणजे बांबूची शिडी आडवी, तिच्यावर दोन सुती साड्या, कुंभारवाड्याच्या पणत्या आणि घरातली झाडं. विसर्जनानंतर तासाभरात सगळं आपापल्या जागी परत. फक्त मागच्या वर्षी फर्नची कुंडी परत ठेवताना कुणीतरी तिच्यात मोदक खोचलेला सापडला. मुंग्यांना आठ दिवस पुरला.

मांजर आहे. मॅक्रमे टिकेल का?

शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवातूनच म्हणून ठेवलंय. नाही टिकणार. आमच्या बोक्याने पहिलं मॅक्रमे चार दिवसांत उतरवलं. टांगायचंच असेल तर सोफा, शेल्फ, खिडकी यांपासून उडीच्या टप्प्याबाहेर टांगा आणि झालर कापून टाका. मनीप्लांट आणि स्नेक प्लांट दोन्ही मांजराच्या पोटात गेली तर त्रास देतात, त्याऐवजी स्पायडर प्लांट लावा. तेही तो खाणार, पण त्याने नुकसान फक्त झाडाचं होतं.